पाळण्याची गाडी

"हिचा हॉर्न रडका हाय," आमचे हे म्हणाले.

मी ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, पदर खोचून ऐटीत बसले होते. एवढ्या उंचावरून सगळा बाजार दिसत होता. जुन्या गाड्यांच्या रांगा, टायरांचे ढीग, पत्र्याच्या शेडखाली बाबालाल मुजावरांचं टेबल आणि पलीकडे हायवे. आणि खाली मातीत, एक हात कमरेवर ठेवून उभे असलेले हे.

"आवं, हॉर्न बदलता येतोय की," मी म्हटलं. "हॉर्नापायी कुणी ट्रक सोडतंय व्हय?"

"आवाजावरनं गाडीचा स्वभाव कळतोय."

"माझा आवाज ऐकूनच केलासा न्हवं मला? मग काय कळलं?"

बाबालालभाई खो खो हसले. हे हसले नाहीत. यांनी ट्रकला एक फेरी मारली, टायरला लाथ घातली, मागची फळी वाजवून बघितली आणि पुन्हा माझ्या दारापाशी येऊन म्हणाले, "आरसाबी तडकलाय."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आमचा माणूस खोट काढणारा नव्हे. लग्नात माझ्या वडलांनी दिलेली सायकल, तिला ब्रेकच नव्हते, ती यांनी नऊ वर्षं चालवली आणि कधी चकार शब्द काढला नाही. आणि आज हॉर्न आणि आरसा! पण मी ट्रकवर अशी भाळले होते, की मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. तेव्हा मी चाळिशीची आणि हे पंचेचाळीसचे. आमचा धंदा झाडं उतरवायचा. तोडायचा नव्हे, हे आधी सांगते, कारण तोडणारे म्हटलं की यांना राग यायचा. तोडणारे बुंध्याला कुऱ्हाड घालतात आणि बाजूला पळतात. आमच्याकडे लोक यायचे ते घरावर झुकलेलं झाड घेऊन, नाहीतर शाळेच्या कौलांवर वाळून लटकलेला फाटा घेऊन. हे वर चढायचे, फांदी आधी दोराला बांधायचे, मग कापायचे, आणि खाली दोघे गडी तो दोर हळूहळू सोडत फांदी अंगणात आणून ठेवायचे. कौल फुटायचं नाही, तुळस हलायची नाही. गडहिंग्लजपासून कागलपर्यंत कुणालाही विचारा, 'शिदू मगदूम झाड उतरवतोय' म्हणून लोक सांगायचे.

आणि यांच्या स्वतःच्या कमरेला एक वेगळा दोर असायचा. तो वरच्या बेचक्यातून फिरून खाली यायचा, माझ्या हातात.

आधी तो दोर यांचा धाकटा भाऊ धरायचा. एकदा वरात चालली होती ती बघायला त्यानं मान वळवली, आणि हे सात-आठ फूट घसरत आले. पोट सोलून निघालं. त्या दिवशी घरी येऊन हे आईला म्हणाले, "उद्यापासनं दोर हौसा धरंल. भावाचं काय, मी पडलो तर त्याला रान वाढंल. हिला मातूर रंडकी व्हायची हौस न्हाई." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी मात्र दुसऱ्या दिवशी काष्टा घालून झाडाखाली उभी राहिले, ती पुढं चौदा वर्षं.

पानांतून वरचा माणूस दिसत नाही. म्हणून आमची हाक ठरलेली होती. पुढचं पाऊल टाकायच्या आधी हे वरून विचारायचे, "हाय का?" मी दोराला एक वळसा घालून खालून म्हणायचे, "हाय!" मगच हे पाय उचलायचे. दिवसातून शंभरदा. चौदा वर्षांत मी 'हाय' म्हटल्याशिवाय या माणसानं एक पाऊल टाकलं नाही.

तर त्या साली साखर कारखान्याच्या वसाहतीतली झाडं निघाली. तीनशेच्या वर झाडं, तीन वर्षांचं काम. साहेबानं यांना नावानं बोलावून घेतलं. अट एकच होती: भाड्याचा टेम्पो चालणार नाही, ठेकेदाराची स्वतःची गाडी पाहिजे, आणि सोमवारी सकाळी आठ वाजता ती वसाहतीच्या गेटवर उभी पाहिजे. नसली तर काम दुसऱ्याला, आणि आम्ही पुन्हा बंगल्यांच्या दारात 'नारळ उतरायचं हायत का हो' म्हणत हिंडायला मोकळे. पैशांची जुळणी झाली होती. बाबालालभाई कागदं मागून करून द्यायला तयार होते. फक्त गाडी निवडायची होती, आणि तो दिवस होता शुक्रवार.

मला ट्रकच हवा होता. आम्ही एवढी झाडं उतरवायची आणि लाकूड वखारवाला पाडून मागेल त्या भावानं घेऊन जायचा, हे मला फार डाचायचं. आपला ट्रक असला की लाकूड आपलं. शिवाय खोटं कशाला बोलू, सहा चाकांचा ट्रक गल्लीत शिरताना बघून शेजारच्या कमळाकाकूचं तोंड कसं होईल, तेही मी मनात दहा वेळा बघून ठेवलं होतं.

"बरं, हा नको तर ती पिकअप बगा," बाबालालभाई म्हणाले. बाजारात तिसाव्या वर्षी आलेला आणि साठीला टेकलेला माणूस, गिऱ्हाइकाला कंटाळणं त्यांना ठाऊक नव्हतं.

पिकअपला यांनी मागून बघितलं, पुढून बघितलं. "पांढरी हाय. लवकर मळतीया."

"रंगवून दितो."

"दार कुरकुरतंय."

"तेल घालतो की मालक!"

"बघू," हे म्हणाले आणि टायरांच्या ढिगावर जाऊन बसले.

एक गोष्ट मी तेव्हा पाहिली पण मनात घेतली नाही. सकाळपासून यांनी एकाही गाडीत बसून बघितलं नव्हतं. प्रत्येक वेळी "तू बस, तू बस" म्हणून मला चढवत होते. मला वाटलं, बायकोची हौस पुरवतायत.

चहा आला. बशीत ओतून फुंकत बाबालालभाई जरा विचारात पडले, मग एकदम उठले. "या हिकडं. एक चीज हाय. तुमच्याच धंद्याची हाय, माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई!"

शेडच्या मागं, कडुलिंबाखाली, एक बुटकी निळी गाडी उभी होती. तिच्या पाठीवर लोखंडाचा घडीचा हात होता, आणि हाताच्या टोकाला कमरेएवढा उंच पिंजरा. कुठल्याशा शहरात रस्त्यावरचे दिवे बदलायला वापरायचे म्हणे. पिंजऱ्यात माणूस उभा करायचा, दांडा ओढायचा, की तो थेट खांबाच्या टोकाला.

"तीस फूट जातोय वर," बाबालालभाई म्हणाले. "चढायचं न्हाई, घसरायचं न्हाई. ड्रायव्हर लोक हिला पाळणा म्हणत्यात. पाळण्याची गाडी."

कडुलिंबावर साळुंक्या कलकलत होत्या.

बाबालालभाईंना काय ठाऊक! आमच्या लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती आणि आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. दवाखाने झाले, देव झाले, सासूबाईंचे उपास झाले. मी ते सगळं सोसलं. पण एक गोष्ट मला अजून सोसत नाही. गल्लीत बारसं असलं की मला बोलावणं यायचं, मी जायची, बायका पाळणा म्हणायच्या, दोरी हातोहात फिरायची. एकदा ती माझ्या हातात आली आणि कमळाकाकूनं ती हळूच काढून घेतली. रागानं नव्हे, अगदी गोड बोलून. "दे गं, तू दमली असशील." मी घरी आले आणि परसात जाऊन भांडी घासत रडले. हे तेव्हा गोठ्यात होते. पण त्यांनी ऐकलं होतं.

"पाळण्यात बसून झाडावर जायाला मी काय तान्हं बाळ हाय?" हे एकदम कडाडले. बाबालालभाईंच्या हातातली बशी हिंदकळली. "गावात तोंड दावायचं हाय मला! एवढी चौदा गावाची झाडं उतरली, आता शिदूला पाळण्यात घाला म्हणा! चल गं. ट्रकच घ्यायचा."

"मलाबी नको ही," मी म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं. तो शब्द दारात उभा करून ठेवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं तो वाचायचा, छे!

बाबालालभाईंना आपलं काहीतरी चुकलं एवढं कळलं. काय ते कळलं नाही. बिचारे मान खाली घालून ट्रकची किल्ली घेऊन आले. "घ्या मालक. एक चक्कर मारून बगा. चालवून बघितल्याबिगर मीच देणार न्हाई."

आता मात्र "तू बस" म्हणायची सोय नव्हती.

यांनी किल्ली खिशात टाकली. दार उघडलं. ट्रकची पायरी मांडीएवढी उंच, तिच्यावर उजवा पाय ठेवला. उजव्या हातानं दाराची दांडी धरली. डाव्या हातानं वरची दांडी धरायची आणि अंग उचलायचं, एवढंच काम. साठ फुटी निलगिरीवर माकडासारखा जाणारा माणूस!

डावा हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

यांनी पाय खाली घेतला. "चप्पल घसरतीया," म्हणाले. चप्पल काढली. पुन्हा पाय ठेवला, पुन्हा उजव्या हातानं दांडी धरली, आणि या वेळी नुसत्या उजव्या हातावर अंग झोकून दिलं. दोन्ही पाय पायरीवर आले खरे, पण तोल मागं गेला. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर हे एका हातानं लटकून राहिले. धड वर नाही, धड खाली नाही. मानेवरची शीर टरारून फुगली. मी मागं उभी होते, मला तोंड दिसत नव्हतं, फक्त पाठ दिसत होती, आणि ती थरथरत होती.

आणि मग अगदी हळू आवाजात, स्वतःशी बोलावं तसं, हे म्हणाले, "हाय का?"

माझ्या अंगावर काटा आला. आज हे लिहितानाही येतो. दोन-अडीच फुटांवर! भर दुपारी, सपाट जमिनीवर, ट्रकच्या पायरीवर! माझ्या हातात दोरही नव्हता.

"हाय," मी म्हटलं. पुढं झाले, दोन्ही हातांनी यांची कंबर धरली आणि लहान मुलाला उतरवावं तसं यांना खाली घेतलं.

बाबालालभाई शहाणे. "मी जरा फोन करून येतो," म्हणाले आणि शेडमध्ये गेले. फोन तर टेबलावर आम्हाला दिसत होता, आणि ते त्याच्या पलीकडे पाठ करून उभे राहिले.

मी यांना टायरांच्या ढिगावर बसवलं. "कवापासनं?"

"काय कवापासनं?"

"आता मला येड्यात काढू नगासा. कवापासनं?"

हे चप्पलेचा अंगठा नीट करत बसले. मग म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत शाळंची चिंच केली न्हवं, तवा. पाय सुटला."

मला ती चिंच आठवली. दोराला एकदम हिसका बसला होता, माझे तळहात सोलले होते. मी ओरडून विचारलं होतं, काय झालं म्हणून. वरून उत्तर आलं होतं, "काय न्हाई, वाळली फांदी हुती."

"पण मी दोर सोडला न्हवता!"

"सोडला असतास तर हितं बसलो असतो व्हय? तू धरलंसच. पण पडता पडता डाव्या हातानं फांदी धरली, सगळं वजन हातावर आलं. खांद्यात कायतरी फाटल्यागत झालं. कागलच्या डॉक्टरला दावलं. तो म्हणला, हात आता खांद्याच्या वर जाणार न्हाई."

दिवाळीपासून महाशिवरात्र आली होती. चार महिने! आणि मी काय आंधळी होते? एकेक गोष्ट भराभर समोर येऊन उभी राहिली. टॉवेल तारेवर न टाकता तुळशीकट्ट्यावर टाकायला लागले होते. फळीवरचा डबा मला काढायला सांगायचे. डोक्यावरून काढायचा सदरा सोडून बटणाचा शर्ट घालायला लागले होते. आणि दोर! दोर तर मला रोज सांगत होता. आधी सरसर जायचा, हल्ली अडत-अडत जायचा. 'हाय का' आणि 'हाय का'च्या मधला वेळ वाढत चालला होता. मी आपली म्हणायची, माणूस पंचेचाळीसचा झाला, सावकाश करतोय, बरंय.

मला असा राग आला म्हणून सांगू! "एका हातानं चढत हुतासा? चार महिनं? आणि मी खाली उभी राहून देवाचं नाव घेतीया! पडला असतासा म्हंजे? बोलायला काय झालं हुतं? तोंड शिवलं हुतं?"

"बोलून काय करायचं?" हे म्हणाले. "वर जाणारा मीच न्हाई म्हटल्यावर धंदा कसला? कारखान्याचं काम कसलं? ट्रक घेऊ, लाकडं वाहू, झाडं दुसरं कोणतरी चढंल, असं म्हणत हुतो मनात. पण त्या ट्रकातबी चढता यीना." हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही. मग माझ्या तळहातांकडे बघत राहिले. दोरानं घट्टे पडले होते त्यांवर, पुरुषासारखे. "आणि मी वर न्हाई गेलो, तर तुझ्या हातात काय ऱ्हाणार गं, हौसे?"

मला वाटत होतं, भाऊ बेभरवशाचा निघाला म्हणून दोर माझ्याकडे आला. चौदा वर्षं मला तसंच वाटत होतं. कमळाकाकूनं माझ्या हातातली दोरी काढून घेतली ते बारसं, आणि धाकट्या दिरानं मान वळवली ती वरात, या दोन गोष्टींच्या मध्ये आठ दिवसांचंसुद्धा अंतर नव्हतं, हे मला त्या टायरांवर बसून पहिल्यांदा कळलं.

मी तोंड पुसलं. उठले. सरळ शेडच्या मागं गेले.

"बाबालालभाई! या हिकडं. हे कसं चालतंय ते दावा."

ते धावत आले. मी पिंजऱ्याची कडी काढली, आत शिरले आणि कडी लावली. आत दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. खाली लोखंडी जाळी, तिच्यातून जमीन दिसत होती.

"वैनी, तुम्ही कशाला? मी गड्याला बसवून दावतो."

"गड्यानं घ्यायची हाय का मी घ्यायची हाय? वडा दांडा."

आता एक कबूल करते. चौदा वर्षं मी झाडाखाली उभी राहिले, पण स्वतः कधी गोठ्याच्या माळ्याच्या वर गेले नव्हते. माळ्यावरसुद्धा शिडी धरायला कुणीतरी लागायचं. पिंजऱ्यानं हिसका दिला आणि पाय जमिनीपासून सुटले. कडुलिंबाच्या खालच्या फांद्या गेल्या. साळुंक्या उडाल्या. शेडचा पत्रा खाली गेला. लोखंडाचा हात करकरला, पिंजरा एकदा डावीकडे झुलला, एकदा उजवीकडे, आणि मी डोळे मिटून गज असे धरले, की बोटं पांढरी पडली.

"आगं ए! हौसे! उतर खाली! येडी का खुळी!" खालून यांचा आवाज आला. टायरांवरून उठून धावत आले होते.

मी डोळे उघडले. कडुलिंबाचा शेंडा माझ्या तोंडासमोर होता. कोवळी तांबूस पालवी, आणि ऊन. एवढी वर्षं हे असं काहीतरी बघत होते, आणि मला खाली येऊन फक्त "झालं" एवढंच सांगायचे. मी हात लांब करून एक वाळकी डहाळी धरली. मोडली. कट्‌ करून मोडली.

मग मी गजांवरून वाकले आणि ओरडले, "हाय का?"

हे मान वर करून उभे होते. तोंड उघडंच राहिलं होतं. यांच्या हातात दोर नव्हता, काहीच नव्हतं, तरी उजवी मूठ घट्ट आवळलेली मला वरून दिसत होती. चौदा वर्षं हा प्रश्न यांनी विचारला होता. उत्तर द्यायची वेळ कधी आली नव्हती.

"आवं, हाय का म्हणून इचारतीया!"

"हाय," हे म्हणाले. खाकरले आणि पुन्हा म्हणाले, "हाय! हाय गं!"

मी खाली आले. यांनी उजव्या हातानं मला धरून बाहेर काढलं. बराच वेळ हातच सोडला नाही. मग विचारलं, "वरनं काय दिसलं?"

"तुमचं टक्कल. केवढं पडलंय, मला ठाऊकच न्हवतं."

आणि मग हे हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा खरे हसले. डोळे पाण्यानं भरलेले आणि हसतायत.

"मी वर जाईन," मी म्हटलं. "कुठली फांदी, कुठनं, कशी, ते तुम्ही खालनं सांगायचं. कापायचं मी. फांदीचा दोर गड्यांकडं. आणि माझ्या कमरेचा दोर तुमच्याकडं."

"पिंजऱ्यात दोर कशाला लागतोय?"

"मला लागतोय."

बाबालालभाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत जवळ आले. मघाचं त्यांना आता कुठून तरी उमगलं असावं, की गिऱ्हाइकांशी बोलायच्या नेहमीच्या सवयीनं बोलून गेले, कुणास ठाऊक. नवी गाडी निघाली की ते सगळ्यांनाच विचारायचे. "मग मालक, ठरलं? पेढं का जिलबी?"

आमच्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलबी वाटतात. हा प्रश्न यांना आजवर कुणी गमतीनंसुद्धा विचारलेला यांनी खपवून घेतला नव्हता. एकदा पानपट्टीवर एकाची कॉलर धरली होती. माझा जीव वर-खाली झाला.

हे निळ्या गाडीकडे बघत राहिले. मग तिच्या पत्र्यावर थाप मारली.

"जिलबी," म्हणाले. "गाडी हाय न्हवं ती."

संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली. केबिन बुटकी होती, हे एका पावलात चढले होते आणि स्वतः चालवत आणली होती. मी शेजारी, मांडीवर पाच किलो जिलबी. लोक बाहेर आले. जे व्हायचं तेच झालं. कुणीतरी म्हणालं, "शिदूच्या घरी पाळणा आला बरं का!" आणि चार माणसं फिसकन हसली. मी गाडीतून उतरले, पहिली जिलबी कमळाकाकूच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "व्हय काकू, आला. घ्या, तोंड गोड करा." तिनं जिलबी घेतली. माझा हात हातात धरून नुसती उभी राहिली. मग मलाही तिच्यावर रागवता येईना.

सासूबाई तेव्हा सत्तरीच्या पुढं होत्या, नजर अधू झाली होती. त्यांनी हळदीकुंकवाचं ताट आणलं, चाकांना कुंकू लावलं, नारळ फोडायला लावला. मग चाचपडत मागं गेल्या आणि पिंजऱ्याला कुंकू लावलं. लावून झाल्यावर हात काढायच्या ऐवजी त्यांनी गज धरला आणि पिंजरा हळूच पुढं ढकलला. तो करकरत झुलला.

"हालला बाई," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

गल्लीत कुणीही हसलं नाही.

सोमवारी आठच्या आधी आम्ही वसाहतीच्या गेटवर होतो. पहिलं झाड साहेबांच्या बंगल्यावर ओणवलेलं शिरीष. मी कमरेला दोर बांधला, गाठ यांनी दोनदा तपासली. हातात लहान करवत घेतली. बंगल्याच्या व्हरांड्यात साहेब, साहेबांची बायको, माळी, सगळे उभे. बाई वर जाणार म्हणून कारखान्याचे दोन कारकूनही काम टाकून आले होते. यांनी दांडा ओढला आणि मी वर निघाले.

फांद्यांत शिरल्यावर खालचं दिसेनासं झालं. नुसती पानं, चहूकडे पानं. यांनी खालून सांगितलेली फांदी माझ्या छातीसमोर आली. मी करवत टेकवली आणि हात गारठला. पुढं-मागं काही होईना. विचारायचं ठरलेलं होतं, पण तोंडातून शब्दच फुटेना.

तेवढ्यात कमरेचा दोर जरा ताणला गेला. बेताचा, वळसा घातल्यावर ताणला जातो तेवढाच. आणि पानांच्या खालून यांचा आवाज आला.

"हाय गं, हौसे. हाय."

मी अजून विचारलंसुद्धा नव्हतं.